संकासुराच्या हातचा मार

कातळवाडीच्या शिमग्यात बावीस वर्षं महिपत संकासुर झाला. काळी कफनी, हातभर उंच टोपी, चेहऱ्यावर काळं कापड, त्यावर पांढरी दाढी, कमरेला घुंगरं आणि हातात गाठ मारलेला दोर. तो नुसता वळला तरी पोरं किंचाळत पळायची. बाया हसत पाठ पुढे करायच्या, कारण संकासुराच्या हातचा मार खाल्ला की वर्षभर दुखणं फिरकत नाही. तिथल्या रिवाजात संकासुर बोलत नसे, आणि त्याला कुणी जाबही विचारत नसे.

त्र्याऐंशी सालच्या शिमग्यात गावचे मानकरी रावजी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "महिपत, आज जरा विहिरीकडनं फिरून ये."

महिपत काय ते समजला. पालखी टेकते त्या सहाणेच्या ओट्याशेजारी गावची विहीर. बौद्धवाडीचा झरा फाल्गुनात आटायचा. मग तिथल्या बाया या विहिरीच्या कठड्याखाली हंडे मांडून, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळायच्या. त्या साली अकरा जणी सरळ रांगेत उभ्या राहिल्या. "आमच्या हातानं काढू," एवढंच म्हणाल्या. त्यांची पाळी आली की गावच्या बाया रहाटाचा दोर काढून घ्यायच्या. मग त्या अकरा जणी तिथंच बसायच्या. ना शिवी, ना ओरड. पण त्या उठेपर्यंत कुणालाच पाणी मिळायचं नाही. नऊ दिवस गाव असं अडलं होतं.

"मारू?" महिपतनं विचारलं.

"तू कुठं मारतोस? संकासुर मारतो," रावजी हसले. "त्याची तक्रार कुठल्या कचेरीत लिवून घेतात?"

महिपत घुंगरं वाजवीत विहिरीवर गेला. पहिला फटका हलकाच दिला. मागची माणसं हसली. नटाला हसू ऐकू आलं की हात सैल सुटतो. दुसरा, तिसरा. बसलेल्या बाया हलेनात. चौथा फटका सुंदराबाईला बसला. दोराची गाठ भुवईवर लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं. बांधावर उभा असलेला तिचा भाऊ भिवा धावला.

"भिवा, खाली बस," ती म्हणाली. "बस म्हणते ना!"

भिवा होता तिथंच बसला. सुंदराबाईचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत. ती कापडाच्या भोकांतून थेट महिपतच्या डोळ्यांत बघत राहिली. मागचं हसू कधी थांबलं, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या एका बाईनं पुढे होऊन रहाटाचा दोर सुंदराबाईच्या हातात दिला. ती महिपतची बायको, तुळसा.

विहीर मोकळी झाली. गाव त्या गोष्टीबद्दल बोलताना म्हणे, "संकासुरानं मारलं." महिपतचं नाव कुणी घेतलंच नाही, आणि तेच त्याला पोखरू लागलं. कारण चौथ्या फटक्याच्या वेळी कापडाआड संकासुर नव्हता. ही सुंदराबाई आहे, दर पावसाळ्यात आपल्या खाचरात लावणीला येते, हे ठाऊक असलेला महिपतच होता. जेवताना भाकरी मोडायला उजवा हात पुढे केला की त्याला तो परका वाटे.

पुढच्या शिमग्याच्या चार दिवस आधी तो दोर घेऊन बौद्धवाडीत गेला. सुंदराबाई अंगण सारवत होती. भुवईवरचा वण पांढरा पडला होता.

"सुंदराबाय, ह्यो घे. मार मला."

तिनं शेणाचा हात तसाच ठेवून वर बघितलं. "आनि आमची तालीम फुकट घालवू?"

"कसली तालीम?"

"तुमीच तेवढे तालमी करता व्हय? पंधरा दिवस दुपारी शाळेत जमायचो आमी. आमच्यातल्याच कमलानं मुद्दाम माझे केस ओढले, अंगावर थुकली, काय नाय ते बोलली. जिनं हात उगारला तिला घरी पाठवायचं, असं ठरलेलं. मी दोनदा घरी गेले, दादा. माझा राग काय कमी हाय? पन भिवानं तुमाला एक ठोसा दिला असता, तर गावानं त्यो ठोसाच मोजला असता. माझं रक्त कुनाला दिसलं नसतं."

"मग मी काय करू?"

"मारताना कुनाला विचारायला आला नव्हता," ती म्हणाली आणि पुन्हा सारवू लागली. मग वर न बघताच: "कुनी मारलं, ते गावाला म्हाईत हाय. तुमच्या तोंडून नाय ऐकलं."

शिमग्याला पालखी सहाणेवर बसली. संकासुर नाचत आला आणि मध्येच उभा राहिला.

"गेल्या साली सुंदराबायला मी मारलं," तो म्हणाला.

मुका संकासुर बोलला! माणसं पोट धरधरून हसली. कुणी शिट्टी मारली. याच हसण्यावर महिपत बावीस वर्षं जगला होता. त्यानं टोपी काढून टाकली, कापड ओढलं, दाढी खाली टाकली. घामानं निथळणारा पन्नाशीचा चेहरा उघडा पडला.

"संकासुरानं नाय. मी, महिपतानं. तिला ओळखून मारलं."

ढोलकी थांबली. रावजी पालखीकडे बघू लागले. शेजारच्या विहिरीवर सुंदराबाई पाणी काढत होती; रहाटाची करकर थांबली. महिपत मान खाली घालून उभा राहिला. बऱ्याच वेळानं रहाट पुन्हा फिरू लागला. त्यात माफी होती की नव्हती, ते त्याला कधी कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

घुंगरं सोडून त्यानं सहाणेवर ठेवली. गर्दीतून तुळसा पुढे आली, पडलेली टोपी उचलली आणि त्याच्यासोबत घराकडे चालू लागली.