शाल, नारळ आन् ज्ञानदेव सर

मी तात्याबा, शिरूरच्या एका कॉलेजातला शिपाई. आमच्या गणिताच्या ज्ञानदेव सरांविषयी कुणी ‘गाडीवरून पडलं’ म्हणलं, की माझं टाळकं सरकतं.

सर यवतचं. कवा कुणावर हात उगारला न्हाई, पर बोलणं तिखट. त्यांचा कायदा असा: पहिल्या वर्षाच्या पोरानं उत्तर बरोबर आणायचं, दुसऱ्यातल्यानं ते कसं आलं ते दाखवायचं, तिसऱ्यातल्यानं ते खरंच का, ते सिद्ध करायचं. “समजा तुझं खरं,” सर म्हणायचं, “मंग पुढं काय हुईल, बोल.” बोलता बोलता पोरगं आपल्याच तोंडानं खोटं पडायचं. दाराभायेर स्टुलावर बसून अकरा वर्षं मी हेच ऐकलं.

विश्वजीत तिसऱ्या वर्षाला. त्याचं चुलतं संस्थेचं अध्यक्ष. सिद्ध करायला जमंना, म्हणून सरांनी त्याला फळ्यावर अर्धा आन् एकतृतीयांश यांची बेरीज करायला लावली. गड्यानं दोनपंचमांश लिहिलं. “अरं, ही बेरीज तर अर्ध्यापरीस कमी भरली,” सर म्हणलं, “जा, पहिल्या वर्षात जाऊन बस.” पोरी हसल्या.

चार दिवसांनी शिक्षक दिन. विश्वजीत चार पोरं, शाल आन् नारळ घिऊन आला. “मामा, सरांचा सत्कार करायचाय.” मला बरं वाटलं. मीच सरांना हाक मारून भायेर आणलं. माझी जीभ तवाच का झडली न्हाई?

शालीत लोखंडी पाईप गुंडाळल्याला. पहिला दणका गुडघ्यावर. सर पडलं तसा दोघांनी त्यांचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आन् विश्वजीतनं बोटांवर नारळ घातला. एकदा न्हाई, नारळ फुटस्तोवर. रक्तात खोबरं पडलं. मी मधी घुसलो तर पाईप माझ्या बरगडीत बसला. “कर आता बेरीज,” विश्वजीत म्हणत हुता. मुडदा बशिवला त्याचा.

संस्थेनं कागद केला: सर मोटारसायकलीवरून पडले, साक्षीदार तात्याबा. फौजदार चौकशीला आलं तवा सरांना ऑपरेशनला नेल्यालं आन् अध्यक्ष माझ्या शेजारीच बसल्यालं. अध्यक्षच म्हणलं, “तात्याबा, सही कर. औंदा तुला पर्मनंट करायचंय.”

पर माझ्या तोंडातनं निघालं, “समजा, साहेब, तुमचं खरं. सर गाडीवरून पडलं. मंग त्या दिवशी गाडी हवी का न्हाई? ती तर पंक्चर म्हणून आदल्या सांजंपासनं पंक्चरवाल्या पप्पूच्या दुकानात उभी. सर यष्टीनं आलं. तिकीट त्यांच्या खिशात घावंल.”

फौजदारानं पप्पूला फोन लावला. मंग सगळं लिहून घेतलं, विश्वजीतच्या नावासकट.

नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी मला चौकात गाठून दोन दात पाडलं. दवाखान्यात खाट मिळाली ती सरांच्या शेजारीच. त्यांची बोटं आता वळत न्हाईत. डाक्टर म्हणला, खडू धरणं संपलं. तोंड फिरवून सर लई येळ रडलं. मंग म्हणलं, “तात्याबा, तिसऱ्या वर्षाचं जमलं की तुम्हाला.”

मी चौथी नापास माणूस. मला बी रडू आवरंना.