धम्मपोथीच्या दोन फळ्या

पेंटरच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. ब्रश धुवायच्या डब्यात गाळ साचतो, तसे ते आपोआप साचतात. आमच्या कोंढा गावातल्या दुकानात सगळ्यात जास्त साचले ते पोथीच्या कामात!

विहारातल्या भंतेजींनी ताडपत्रावरच्या जुन्या पोथीसारखी लांबट धम्मपोथी हाताने लिहून घेतली होती. तिच्या वरखालच्या दोन लाकडी फळ्यांवर बुद्धांच्या जीवनातले प्रसंग रंगवायचे होते. फ्लेक्स आल्यापासून आमचे ब्रश वाळलेच होते. मालक गुलाबकाका म्हणाले, "हे काम भंतेजीले पसंत नाही पडलं, त दुकान बंद करून टाकू."

*

काकांनी जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या, खाली मालकाच्या पोरांची नावं टाकून. फळी पाहताच विचारलं, "भंतेजी, खाली पोरायची नावं कोणती टाकाची?"

"मले पोरं कुठून असतीन, काका?"

"मंग पुतण्यायची सांगा!"

*

लुंबिनीत महामाया सालवृक्षाची फांदी धरून उभी आहे, असा प्रसंग. काकांनी झाड काढलं मोहाचं, टपोऱ्या फुलांसकट! भंतेजींनी चूक दाखवली, तर काका म्हणतात, "पाहुणी आपल्या गावात आली, त आपलंच झाड धरते का नाही?"

भंतेजींनी मोह राहू दिला.

*

मग बोधिवृक्षाखाली बुद्ध, आणि त्यांचं ध्यान मोडायला आलेली माराची फौज. एका राक्षसाला मी सहज चहावाल्या सुदामचा चेहरा दिला. वाटलं, आता हा भांडायला येणार. तो आला बायकोला घेऊन, फोटो काढायला!

दुसऱ्या दिवशी पानठेलेवाला तणतणत हजर. "मले काहून नाही घेतलं? मी काय सुदामपेक्षा कमी आहो काय?"

मग दुकानापुढे लाइनच लागली. राक्षस इतके झाले की बुद्धांना बसायला जागा उरेना. शेवटी काका ओरडले, "भरती बंद!"

*

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी फळ्या अंगणात वाळत होत्या. काकांची कोंबडी पांढरा रंग कालवलेल्या ताटलीत उतरली आणि महापरिनिर्वाणाच्या निळ्या आभाळातून सरळ चालत गेली. पुसायला गेलो तर आभाळच निघायला लागलं. काका मटकन बसले. "झालं. लाव कुलूप."

पण विहारात लोक जमले होते. फळ्या तशाच नेल्या.

भंतेजींनी फळी डोळ्यांजवळ धरली. आणि पाहतो तर त्यांचे डोळे भरलेले!

"जुने कलाकार बुद्धाची मूर्ती नव्हते काढत, नुसती पावलं काढत. बुद्ध निघून गेले अन् आभाळात पावलं तेवढी राहिली! काका, हे सुचलं कोणाले?"

काकांनी हात जोडले. "घरचीच आहे, भंतेजी. अंडे बी देते!"