सरांचं ‘सराउंड’

कोणाला स्वतःच्या भाषेची किती लाज वाटते, हे वेणीमाधव सरांना माणूस जिना चढत असतानाच कळायचं. पंचवटीतली घरची भिक्षुकी धाकट्या भावाच्या गळ्यात घालून त्यांनी कॉलेज रोडला, चष्म्याच्या दुकानावर, स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला होता. भाऊ नदीच्या घाटावर उघड्या अंगाने यजमानांना संकल्प सांगतो, याची त्यांना शरम वाटे. स्वतः मात्र टाय बांधून तेच करत. आपण पुढे म्हणायचं, समोरच्यांनी मागून म्हणायचं, अर्थ कळो न कळो, दक्षिणा ठेवून घरी जायचं.

उज्वला त्यांच्याकडे आली ती लेकीपायी. वेदिकाला ज्या शाळेत घालायचं होतं, तिथे मुलांआधी आईबापांची मुलाखत होई, तीही इंग्रजीतून. उज्वलाचा नवरा संतोष अंबडच्या कंपनीत सुपरवायझर. “तू बोल, मी शेजारी बसून मान हलवतो,” असं सांगून तो मोकळा झाला. पाथर्डी फाट्यावरच्या त्यांच्या सोसायटीतली यच्चयावत पोरं त्याच शाळेत जात. तिथल्या बायका खाली बाकड्यावर बसून नाकाने कांदे सोलत. “मराठी मीडियम? अजून असतं का ते?” असं त्यातली एक स्नेहा एकदा म्हणाली आणि उज्वला त्या रात्री नीट जेवली नाही. वास्तविक स्नेहाचे आजोबा सटाण्याच्या बाजारात मिरच्या विकत, हे उज्वलाला ठाऊक होतं. पण बोलायची हिंमत नव्हती.

सरांचा लाडका शब्द होता ‘सराउंड’. फळ्यावर तो ठसठशीत लिहून ते खुलून सांगत. शत्रू किल्ल्याला वेढा घालतो, तेही सराउंड. गावाभोवती डोंगर असतात, तेही सराउंड. आजाऱ्याच्या खाटेभोवती घरचे जमतात, तेही सराउंडच. “शब्द एकच. मध्ये कोण आहे आणि भोवती कोण आहे, त्यावर सगळं,” असं म्हणून ते स्वतःवरच खूश होऊन डोळे मिटत. मग प्रत्येकाने त्या शब्दाचं आपलं वाक्य करायचं. ज्याचं चुकेल त्याला मध्ये उभं करायचं, बाकीच्यांनी हातात हात घालून भोवती कडं करायचं, आणि वाक्य धड येईपर्यंत त्याला बाहेर सोडायचं नाही. या छळाला सर ‘मेथड’ म्हणत.

उज्वलाचं माहेर नामपूरचं. घराच्या चारी बाजूंना कांदा साठवायच्या चाळी. तेच तिच्या मनात आलं आणि तेच तिने जुळवलं, “माय मदर्स हाउस इज सराउंडेड बाय ऑनियन.” वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, “तरीच मॅडम, तुम्ही आलात की वास येतो.” मग तिच्याभोवती कडं झालं. बँकेतला एक, विमा विकणारा एक, लग्न ठरत नाही म्हणून इंग्रजी शिकणारे दोघं-तिघं. एकालाही सरळ दोन वाक्यं येत नव्हती, पण हात कसे घट्ट धरले होते. कोणीतरी तिच्या माहेरच्या बोलीची नक्कल करत “काय शे, काय शे” करू लागला. त्या दिवशी तिने एकच गोष्ट मनाशी पक्की केली, की जगात काहीही होवो, आपण पुन्हा असं मध्ये उभं राहायचं नाही.

पुढे बरेच दिवस ती मध्ये उभी राहिलीच. मग एकदा तिला सरांचं गणित उमगलं. मध्ये उभी असताना तिने मान वर केली आणि म्हटलं, “आय ॲम सराउंडेड बाय एज्युकेटेड पीपल.” सर विरघळले. कडं सुटलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मनमाडहून आलेल्या एका नव्या बाईला मध्ये घेतलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसली ती उज्वला. काय म्हणावं या बाईला.

मुलाखतीत तिने सांगितलं, की आमची वेदिका घरी इंग्लिशने सराउंडेड आहे. संतोषने ठरल्याप्रमाणे मान हलवली. प्रवेश झाला. एकदा शाळेत सांगितलं म्हटल्यावर घरात तसं करणं आलं. वेदिकाला पाणी हवं असलं तर इंग्रजीत मागायचं, नाहीतर तहानलेलं राहायचं. सरांची मेथडही घरात आली, खेळ म्हणून.

वेदिकाच्या वाढदिवसाला उज्वलाची आई कुसाबाई नामपूरहून आली. नातीसाठी डिंकाचे लाडू, अंगावर नवं लुगडं, आणि तोंडात तीच माहेरची बोली. उज्वलाने तिला दुपारीच बजावलं होतं, “आई, सोसायटीतल्या बायका येतील. जास्त बोलू नको.” कुसाबाई बरं म्हणाली.

केक कापून झाल्यावर पोरींनी वेदिकाचा तोच खेळ काढला. आजीला हॉलच्या मधोमध घेऊन कडं केलं. “से इट इन इंग्लिश, आजी.” कुसाबाई आधी कौतुकाने हसली. तिने एकीकडून निघून पाहिलं, दुसरीकडून निघून पाहिलं. पोरी हात सोडेनात. सोफ्यावर स्नेहा आणि इतर बायका प्लेटा घेऊन मजा बघत होत्या. म्हातारीचं हसू हळूहळू मावळलं.

“उज्वला, पोरीस्ले सांग ना वं,” ती केविलवाणी होऊन म्हणाली. “माले मोरीमा जावानं शे.”

“काय म्हणाल्या?” स्नेहाने विचारलं.

सगळ्यांच्या माना उज्वलाकडे वळल्या. हातात समोशांचा ट्रे घेऊन ती उभी होती. आई काय म्हणाली ते तिला कळलं नव्हतं थोडंच. त्याच बोलीत तिला न्हाऊमाखू घातलं होतं. आईचे पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले तिला दिसत होते. एवढंच म्हणायचं होतं, की पोरींनो, सोडा आजीला. पण ते म्हणायचं तर ती बोली आपल्याला कळते, हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार होतं.

वेदिकाने आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या मैत्रिणीचा, दिशाचा, हात सोडून दिला. कडं तुटलं. कुसाबाई त्या फटीतून लेकीकडे यायला निघाली.

उज्वलाने ट्रे टेबलावर ठेवला. हसत हसत पुढे झाली, वेदिका आणि दिशा यांच्या मध्ये उभी राहिली, आणि दोघींचे हात घट्ट धरून म्हणाली, “कम ऑन, मम्मी. जस्ट वन सेंटेन्स.”