आत्याच्या एकादशा

विमलआत्या माझ्याशी शेवटचं जे बोलली ते धडधडीत खोटं होतं, हे मला ती गेल्यावर तीन आठवड्यांनी कळलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो होतो. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "अरुण, आज वार कोणता रे?" म्हटलं, रविवार. "मग आज एकादशी. नीताला सांगून दे..." एवढं बोलून तिला झोप लागली आणि मंगळवारी सकाळी ती गेली. आठवडाभर डब्यातली खिचडी खाऊन कंटाळलेल्या माझा त्या रविवारी मटणाचा बेत होता. मी बायकोला, नीताला, फोन करून तो मुकाट्यानं रद्द केला.

माझे आजोबा जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत होते. राज्यांची नव्यानं मांडणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, आणि आम्ही जबलपुरातच राहिलो. बरोबर मराठी राहिली आणि झणझणीत रश्श्याची चटक. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. ती स्वतः मटण तोंडाला लावत नसे, पण माझ्यासाठी रांधायची... नाकाला पदर लावून, चव न घेता. तरी मीठ कधी चुकलं नाही.

निवृत्त झाल्यावर ती प्राणिमित्रांच्या एका मंडळात शिरली. तिथे कोणीतरी फोटो दाखवले होते: परदेशात माणसं अंगाला लाल रंग फासून मांसासारखी ताटात झोपतात, आणि बघणारे म्हणे हेलावून मांस सोडून देतात. झालं, आत्या थर्माकोलचं आठ फुटी ताट करायला बसली. "जबलपूरचं मग पाहू," ती मला म्हणाली, "तू एकट्यानं सोडलं ना, तरी माझं काम झालं."

चूक एकच झाली. तिनं दिवस निवडला तो नवरात्राच्या तोंडावरचा, आणि आमचं गाव त्या दिवसांत जिथे तिथे झांकी, म्हणजे देवीचे देखावे, शोधत फिरतं. सदर बाजाराच्या चौकात आत्या तांबड्या रंगात न्हाऊन, अंगावर कोथिंबीर भुरभुरून ताटात आडवी झाली. मी शेजारी "आज मैं, कल आप?" अशी पाटी धरून उभा. पाचच मिनिटांत एका बाईनं तिच्या पायाला कुंकू लावलं. दुसरीनं नारळ ठेवला. एक ऑटोवाला मला विचारू लागला, "भैया, इस बार कौन सी देवी बैठाई हैं?" मटणानं बोलायचं नसतं म्हणून आत्यानं बराच वेळ दम धरला, पण कोणी उदबत्ती लावली तेव्हा तिच्याच्यानं राहवेना. ती ताडकन उठून बसली आणि ओरडली, "अरे, देवी नहीं हूँ, मटन हूँ!"

गर्दीनं जयजयकार केला.

समोरच मुन्ना भैयाचं मटणाचं दुकान, बाजूला त्याच्याच भावाची कबाबाची गाडी. उभं राहून राहून लोकांना भूक लागली. दिवे लागेपर्यंत दोघांचा माल संपला. मुन्नानं आत्याला चहा पाठवला, बसायला स्टूलही पाठवलं. आणि मी? दोन तास तो वास नाकात घेऊन पाटी धरणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. घरी तिच्या कानामागचा रंग पुसत होतो तेव्हा ती म्हणाली, "काहून रे, खाऊन आला ना?" मी मान खाली घातली. ती रागावली नाही, माझ्या हातातलं फडकं घेऊन स्वतःच रंग पुसू लागली. मला त्याचीच आजही लाज वाटते.

पुढे तिनं बकरीचा मुखवटा घालून पाहिला, पिंजऱ्यात बसून पाहिलं. गर्दी वाढली, मुन्नाचा धंदाही वाढला, आणि एक दिवस आत्यानं हे सगळं सोडून दिलं. मला वाटलं, हरली बिचारी.

त्याच सुमारास तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा ताबा घेतला. खिळ्याला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधली. इथल्या लोकांचा सावन पौर्णिमेनंतर लागतो, आपला श्रावण पंधरा दिवसांनी, अमावास्येनंतर. आत्यानं दोन्ही पाळायला लावले. "राहून राहिलो यांच्या गावात, तर यांचा पाळायचा. अन् आपला सोडायचा काहून?" झाला दीड महिना, आणि आमची गटारी बरोबर मधोमध बुडाली. सोमवार, गुरुवार, शनिवार होतेच. एकादशी तर हटकून रविवारीच यायची. मी कुरकुरायचो आणि पिठलं ओरपायचो. पाटीवर लिहिलेलं खोडून काढायला मला दहा मुद्दे सुचत, पण तिथीशी भांडण करायची आमच्या घरात पद्धत नाही.

तेरावं झालं, आणि नंतरच्या रविवारी मी मुन्नाकडे गेलो. त्यानं आधी आत्यासाठी हात जोडले, मग मटण तोलताना म्हणाला, "भैया, एक बात पूछूँ? आपके यहाँ सारी एकादशी इतवार को ही पड़ती है क्या? दीदी तो यही बताती थीं."

घरी येऊन मी पहिल्यांदा चष्मा लावून कॅलेंडर पाहिलं. दिवाळीनंतरची एकादशी गुरुवारी छापलेली होती. त्या गुरुवारी घरात सुतक, कोणाचं लक्ष जाणार? आत्याचा पेन्सिलीचा बारीक गोल मात्र त्याआधीच्या रविवारी होता. मागची पानं उलटली. बहुतेक रविवारी गोल. पुढे डिसेंबरअखेरपर्यंत गोल... दवाखान्यात जाण्याआधी काढून ठेवलेले. मला राग आला, मग हसू फुटलं, आणि हसता हसता मी तिथेच ओट्याला धरून रडलो.

त्या दिवशी नीतानं रस्सा केला. खाल्ला. मीठ कमी पडलं होतं.

काल नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. नीतानं ते त्याच खिळ्याला लावलं, पेन्सिल तशीच लोंबत होती. मी ती घेऊन जानेवारीच्या पहिल्या रविवारी गोल काढला.

"काय आहे त्या दिवशी?" नीतानं पोळी लाटता लाटता विचारलं.

"एकादशी."

तिनं मान वर करून कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. "अच्छा," म्हणाली, "मग साबुदाणा आणून ठेवजा."