बॅरलाला लुगडं

शाळेच्या बाईंना दवाखान्याच्या गाडीत घालताना नाकातून रक्त येत होतं. बोलता येत नव्हतं. तरी माझ्या दारातल्या घमेल्याकडं बघून त्यांनी हात उताणा केला आणि पालथा केला. विडीची पानं भिजवलेलं पाणी घमेल्यात तसंच होतं. मी ते त्यांच्यासमोर ओतलं. मग दार लागलं आणि गाडी बेळगावला गेली.

निपाणीत आमच्या गल्लीत आला असता तर तो हात तुम्हीही बघितला असता. बाई पोरांना डासांचं शिकवायच्या, फळ्यावर थोडं आणि गल्लीत जास्त. साचलेलं पाणी दिसलं की नुसता हात पालथा करायच्या. पोरं ओरडायची, "करा पालथं!" आणि बादली, कुंडी, कोंबड्यांचं भांडं, दिसेल ते ओतून पळायची. शिव्या मी द्यायची.

नळाला रोज पाणी येत नाही. बॅरल कोण ओतू देणार? बाई म्हणाल्या, "आक्का, मग त्याचं तोंड बांधा. जुनं लुगडं गुंडाळा."

"मलाच धड लुगडं न्हाय, बाई. बॅरलाला कुठलं नेसवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं निळं पातळ आणून बांधलं. "माझ्यापेक्षा ह्यालाच शोभतंय," म्हणाल्या. बाई दिसायला बेताच्या. खोटं बोलत नव्हत्या.

त्यांच्या खोलीमागं एक बंद आवार होतं. आत जुनी टायरं, पावसाच्या पाण्यानं भरलेली. मालक पुण्याला. फोन केला की "बघतो, बघतो" म्हणायचा.

मी म्हटलं, "फोडा की कुलूप."

"पोरांना शिकवणारी मी, आक्का. त्यांच्यादेखत दुसऱ्याचं कुलूप कसं फोडू?"

माझी नात शाळेत आली नाही म्हणून बाई घरी आल्या. तिच्या अंगाला हात लावला. "गोळीवर ठेवू नका. आत्ताच चला, रक्त तपासायचं." रिक्षात त्यांचा हात मला लागला, तर पोरीपेक्षा गरम.

"बाई, तुमचंबी दाखवा."

"आधी तिचं होऊ द्या."

पोरगी सलाइनवर होती, मी भाकरी न्यायला घरी आले होते, तेव्हाच बाईंना ती गाडी न्यायला आली. त्या परत आल्या नाहीत.

मग आम्ही बायकांनीच कुलूप फोडलं. टायरं उचलून पाणी ओतलं. त्यात अळ्या वळवळत होत्या.

निळं पातळ अजून बॅरलावर आहे. पाणी घ्यायला नात ते सोडते आणि परत बांधते. ताप दोघींना होता. नात वाचली.