मंकीचा बारावा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे 'पुरवणी' म्हणत. हजेरीपटात त्याचं नाव शेवटी चिकटवलेल्या वेगळ्या कागदावर होतं, म्हणून हे नाव पडलं आणि त्यालाही ते पटलं. एकोणीस वर्षं तो तात्पुरता होता. त्याच्यामागून आलेल्या मांजरीची तिसरी पिढीही कचेरीत कायम झाली, पण पुरवणी आपला तात्पुरताच.

काम इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत लावायचं. पण तिथली पद्धत जगावेगळी. एका अर्थाला एक कार्ड, आणि कार्डावर मनानं रचलेलं वाक्य चालायचं नाही. कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलं वाक्यच हवं, आणि त्याखाली चार रकाने: कोण बोललं, कुठं, कधी, कुणाबद्दल. हे सगळं कोशात नावानिशी छापलं जायचं. बैठकीत वाचलेलं कार्ड मागे घेता यायचं नाही, वाक्य खोटं ठरलं तर मात्र ते आपोआप रद्द. हा नियम मुख्य संपादकांनी, म्हणजे साहेबांनी, तरुणपणी केला होता आणि त्यानंतर दुसरं काहीच केलं नव्हतं. पण समारंभ कसलाही असो, साहेब नियमाची गोष्ट सांगत. माकड म्हणतं माझीच लाल, त्यातलाच प्रकार.

"एम संपू दे, तुम्हाला कायम करतो," असं साहेबांनी पुरवणीला सांगितलं होतं. त्याआधी एलच्या वेळीही सांगितलं होतं. केच्या वेळी तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं.

पुरवणीला खुर्चीची हौस नव्हती. कायम नोकरांच्या घरच्यांवर कचेरीच्या इस्पितळात फुकट इलाज व्हायचा, आणि त्याच्या बायकोचे दोन्ही गुडघे गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर. ती जिना बसून चढायची, एकेक पायरी, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. कुणी बघितलं तर म्हणायची, "जरा टेकलेय." पुरवणी बघायचा तेव्हा काहीच म्हणायची नाही.

एममधला एकच शब्द राहिला होता: मंकी. वरिष्ठांनी तो "सोपा आहे" म्हणून ढकलत ढकलत पुरवणीच्या टेबलावर आणून सोडला. माकड म्हणजे माकड, त्यात काय! पण इंग्रजी भाषेनं त्या प्राण्याला एवढी कामं लावली आहेत की जंगलात राहायला त्याला फुरसत कशी मिळते, कोण जाणे. गॅरेजात गाडीखाली झोपलेला मेकॅनिक हात बाहेर काढून मंकी पाना मागत होता, पुरवणीनं वाकून त्याचं नाव विचारलं, तर त्यानं आधी, "कसला सर्व्हे आहे?" म्हणून हातातला हातोडा उगारला. एका आईनं चिखलात लोळलेल्या पोराला लाडानं मंकी म्हटलं. हॉटेलातला वेटर गळ्यातला बो ओढत आपल्या गणवेशाला मंकी सूट म्हणाला. दाणेवाल्याच्या दुकानात मंकी म्हणजे शेंगा, शर्यतीच्या मैदानावर मंकी म्हणजे पैजेचे पाचशे, आणि पुलाच्या कामावर खांब जमिनीत ठोकणारा लोखंडी ठोकळा, तोही मंकीच! चार महिन्यांत अकरा कार्डं भरली. लोक पुरवणीला बघून गप्प बसायला लागले.

बारावा अर्थ मात्र हाती लागेना: एखाद्याला मंकी करणं, म्हणजे त्याला चारचौघांत मूर्ख बनवून त्याची मजा बघणं. एवढी रोजची गोष्ट, पण करणारे ती बोलून दाखवत नाहीत, ही अडचण. शुक्रवारी कार्डं मंजूर करणाऱ्या मंडळाची बैठक होती. कार्ड नाही तर एम अपुरा, एम अपुरा तर पुरवणी तात्पुरता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही. बुधवारी सकाळी तो सही घ्यायला साहेबांच्या केबिनपाशी उभा होता. दार अर्धवट उघडं. साहेब मंडळाच्या अध्यक्षांशी फोनवर इंग्रजीत बोलत होते. "तो होय? एकोणीस वर्षं मंकी करतोय मी त्याला. दर अक्षराला सांगतो कायम करतो, आणि बापडा बैलासारखा राबतो." मग दोन्हीकडचं हसू. पलीकडचं फोनमधूनही ऐकू आलं.

आणि खरं सांगायचं तर पुरवणीला आधी आनंद झाला. सापडलं! त्यानं खिशातून कोरं कार्ड काढलं, दाराच्या चौकटीवर टेकवलं आणि शब्द न् शब्द उतरवला. कोण: मुख्य संपादक. कुठं: केबिन, फोनवर, अध्यक्षांशी. कधी: बुधवार, अकरा वाजून दहा मिनिटं. कुणाबद्दल, या रकान्यापाशी पेन थांबलं. तिथं त्याला कळलं की आपण काय लिहितोय. त्यानं लिहिलं: स्वतः.

घरी त्यानं ते कार्ड बायकोसमोर ठेवलं. "फाडून टाकू? साहेबांच्या मनात आलं तर अजून..."

"काय अजून?" ती म्हणाली. "एम झाला की एन येईल, एन झाला की ओ. तुमची ती एबीसीडी संपेपर्यंत माझे गुडघे थांबणार आहेत का? वाक्य खरंय ना? मग लावा कार्ड."

"नोकरी गेली तर?"

"नोकरी होती कधी?"

शुक्रवारी बैठकीत रिवाजाप्रमाणे टायपिस्टबाईंनी कार्डं मोठ्यानं वाचली. सात सभासद चहा पीत होते. मंकी पाना मंजूर, मंकी सूट मंजूर, शेंगा मंजूर. बाराव्या कार्डाशी बाई अडखळल्या, पण बाई शिस्तीच्या, चारही रकाने वाचूनच थांबल्या. एका सभासदाची बशी खाली पडली. साहेबांचा चेहरा शाई सांडावी तसा झाला.

"हे... हे मी बोललेलोच नाही!"

"अध्यक्षसाहेबांना विचारा," पुरवणी म्हणाला. "दुसऱ्या टोकाला तेच होते."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला, परत पुसला. "बोलणं झालं होतं खरं," ते साहेबांना म्हणाले. "म्हणजे हे छापावं लागेल. तुमच्या नावानिशी. आणि माझ्याही."

"कार्ड मागे घ्या हो," साहेब पुरवणीला म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच 'हो' लावलं.

"बैठकीत वाचलेलं कार्ड मागे घेता येत नाही साहेब. नियम तुमचाच आहे." मग पुरवणीनं घसा खाकरला. "वाक्य खोटं ठरलं तर मात्र आपोआप रद्द होतं. तुम्ही मला खरंच कायम करणार होतात असं आज सिद्ध झालं, तर ते वाक्य खोटं ठरेल."

मग साहेबांनी टायपिस्टबाईंकडे हात केला. बाईंनी आदेश टाइप केला, आणि इतक्या वर्षांत ज्याला वेळ मिळाला नव्हता ते काम चहा निवायच्या आत झालं. दोन सह्या पडल्या. बाराव्या कार्डावर 'वाक्य असत्य, सबब रद्द' असा शिक्का बसला, आणि मंकी अकरा अर्थांवरच पुरा धरला गेला. पुरवणीनं तो शिक्का बघितला आणि त्याला फार वाईट वाटलं. सगळ्या कोशात तेवढंच एक वाक्य त्यानं स्वतःच्या अंगावर झेललं होतं, आणि तेच खोटं म्हणून गेलं.

एमचा खंड पुढच्या वर्षी छापून आला. प्रस्तावनेत साहेबांनी नियमाची गोष्ट सांगितली होती, साडेतीन पानं. पुरवणी तो जाडजूड खंड घेऊन घरी आला तेव्हा बायको जिन्यावरून उतरत होती, उभ्यानं, कठड्याला न धरता.

"किती अर्थ आले हो माकडाचे?"

"अकरा."

"बारा होते ना?"

"बारावा तुझ्या गुडघ्यात बसवलाय."