फुगलेले डबे

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझं पोस्टिंग लडाखमधल्या एका उंच चौकीवर झालं. आम्ही बारा जवान आणि एक सुभेदारसाहेब. मी लान्स नायक, गाव सुलतानपूर, काम रेशन स्टोअरचं. पिंपळगाव राजा या गावचा नामदेव तिथेच होता. चिखलीला आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. पुढे डबाबंद रेशनच्या कोर्सची एकच जागा आली, ती त्याला मिळाली. परतला तो नायक होऊन. स्टोअरची किल्ली माझ्याकडे आणि अक्कल नामदेवकडे, असं पोरं चेष्टेनं म्हणायची. मीही हसायचो, पण आतून जळायचो.

ऑक्टोबरमध्ये खेचरांवरून डबाबंद रेशन पहिल्यांदाच वर आलं. मटण, मटार, संत्र्याच्या फोडी. आमच्या घरी साठवण म्हणजे वाळवलेले सांडगे आणि बरणीतलं लोणचं. डब्यांबद्दल मला एकच नियम ठाऊक होता. डबा फुगला की आत विष. सकाळी नऊला पेट्या फोडल्या, तर बहुतेक डबे फुगलेले.

गस्तीवर निघालेला नामदेव दारात थांबला.

"काऊन बे, हे बाजूले काऊन ठेवून राह्यला?"

"फुगले हायेत. तुले दिसत नाही?"

"इथं हवा पातळ हाये ना. आतल्या दाबानं पत्रा वर येते. माल चांगला हाये. एक डबा खाली बेस कॅम्पले नेऊन पाह्य, आपोआप बसते."

मला पटलं. त्याचाच राग आला. हे मला कुणी शिकवलं असतं, तर नायकाची ती फीत माझ्या बाहीवर असती.

दहा वाजता मी साहेबांपुढे उभा राहिलो. "साहेब, डबे खराब आहेत."

"नामदेव काय म्हणतो?"

"तोही तेच म्हणतो, साहेब."

"फेकून द्या."

अकरापर्यंत डबे चौकीखालच्या नाल्यात गेले. चारला नामदेव परतला. त्यानं रिकामी फळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हो साहेब, तपासले होते." त्यानं मला वाचवलं. याचाही मला हेवा वाटला. मोठेपणासुद्धा त्याच्याच वाट्याला गेला.

दोन दिवसांनी बर्फ पडू लागला. वाट बंद झाली. आठव्या दिवशी पीठ संपलं. साहेब वायरलेसवर बसले.

"रसद कधी? ओव्हर."

"रस्ता बंद. आहे त्यात भागवा. ओव्हर."

नामदेव पुढे झाला. "साहेब, नाल्यातले डबे खाण्याजोगे आहेत. चूक माझी. मी उतरतो."

मी म्हणालो, "मी जातो."

"तू दोर धर," तो म्हणाला.

सव्वाअकराला तो उतरला. तीन पोती डबे आम्ही वर ओढले. चौथं बांधत असताना वरचा बर्फाचा कडा सुटला. त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात हलका झाला. संध्याकाळी आम्ही ते मटण खाल्लं. कुणाचं पोटही दुखलं नाही.

उन्हाळ्यात मी रजेवर निघालो. पाठपिशवीत संत्र्याचा एक फुगलेला डबा होता. बेसवर पोचलो तेव्हा तो सपाट झाला होता. तो घेऊन मी पिंपळगाव राजाला गेलो. त्याच्या मायला सगळं सांगायचं ठरवलं होतं.

तिनं डबा हातात फिरवून पाहिला. "बापू, हे खराब तं नाही ना?"

"नाही माय. नामदेवनं पाह्यलेलं हाये."

मी डबा उघडून दिला. तिनं एक फोड खाल्ली आणि एक माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. बाकीचं तोंडातून निघालं नाही. ती गेली तरी निघालं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. पिंपळगावच्या शाळेपुढे त्याच्या नावाचा दगड आहे, त्यावर नायक नामदेव लिहिलंय. दरवर्षी मी तिथे जाऊन सलाम करतो. पोरं फुलं वाहतात, आणि या वयातही मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्या नावामागे काही लपवलेलं नाही.